काटा १०५ वर, गाडी सिग्नलवर

मघाशी आत येताना एका तरुण मित्राने मला दारातच गाठलं. म्हणाला, "सर, गाडी गर्दीत तापते आणि बंद पडते. काय करू?" मी त्याला उलट विचारलं, "तापते म्हणून बंद पडते, की तापते आणि बंदही पडते?" तो जरा गोंधळला. त्याला वाटलं, मी शब्दांत पकडतोय. पण मला आज जे सांगायचं आहे ते त्या 'म्हणून' आणि 'आणि' यांच्यामधल्या फरकातच आहे. स्पोर्ट्स बाईक गर्दीत गरम होणं ही एक गोष्ट आणि इंजिन बंद पडणं ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी दिसतात, म्हणून आपण त्यांची गाठ मारून मोकळे होतो. मग कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, बदल; थर्मोस्टॅट, म्हणजे त्याची वाट उघडणारी झडप, बदल; प्लग बदल, असं सुरू होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आधी तापण्याचं बघू. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातला चौथा हिस्सा, फार तर त्याहून थोडा जास्त, चाकापर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता. त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून जाते आणि जवळजवळ तेवढीच कूलंटच्या वाटेने रेडिएटरमध्ये येते. गाडी ऐंशी-शंभरच्या वेगात असते तेव्हा रेडिएटरवर इतका वारा आदळतो की इंजिन भरपूर उष्णता तयार करत असूनही काटा शांत असतो. सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिन खरं तर कमी पेट्रोल जाळतं, उष्णताही कमी तयार होते. पण वारा शून्य! म्हणजे गर्दीत इंजिनला जास्त कष्ट पडतात म्हणून ते तापतं, हा समज चुकीचा आहे. त्याचा वारा कोणीतरी काढून घेतलेला असतो, एवढंच.

त्यात स्पोर्ट्स बाईकची घडण शहरासाठी नाहीच. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १२ ला १ किंवा १३ ला १, चारही बाजूंनी फेअरिंग, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण, पोटाखाली धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो चालू असताना काहीशे अंशांवर असतो. पायाला जी धग लागते ती बरीचशी त्याची आणि एक्झॉस्ट पाइपांची. कित्येक जण पाय भाजला की इंजिन तापलं असं समजतात. पायावर नका जाऊ, आकड्यावर जा.

आणि आकडा म्हणाल तर १०० दिसला की लोकांचं धाबं दणाणतं, कारण शाळेत शिकलोय, १०० ला पाणी उकळतं. उकळतं, उघड्या भांड्यात. तुमची कूलिंग सिस्टिम हा बंद कुकर आहे. रेडिएटरची कॅप आत साधारण १.१ बार दाब धरून ठेवते आणि आत नुसतं पाणी नसून निम्मं ग्लायकॉल नावाचं रसायन असतं. दोन्ही मिळून उकळणं सव्वाशेच्या आसपास जातं. थर्मोस्टॅट ८० च्या सुमारास उघडायला लागतो आणि बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा विजेवरचा फॅन लागतो तोच १०० ते १०५ च्या दरम्यान. म्हणजे गर्दीत काटा ९५ ते १०५ मध्ये झोके घेत असेल तर त्याला आजार म्हणू नका. तेच तिचं काम. ११५ ओलांडून आकडा चढतच राहिला, किंवा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची.

जाता जाता एक गंमत. सुझुकीने १९७१ मध्ये जीटी७५० नावाची पाण्याने थंड होणारी मोठी टू-स्ट्रोक गाडी आणली. ब्रिटनमध्ये लोकांनी तिचं नाव ठेवलं 'केटल', म्हणजे किटली! रेडिएटर असलेल्या मोटरसायकलची तेव्हा थट्टा व्हायची. आज रेडिएटर नसेल तर ती स्पोर्ट्स बाईक कसली, असं विचारतात.

बरं, कुकर ठीक आहे की नाही हे कसं ओळखायचं? माझा पहिला प्रश्न कायम एकच: हायवेला लागल्यावर काटा खाली येतो का? येत असेल तर कूलंट फिरतोय, पंप चालतोय, थर्मोस्टॅट उघडतोय. कमी पडतोय तो वारा, म्हणजे फॅनकडे बघा. वेगात असतानाही आकडा चढत असेल तर दोष आतला आहे: कूलंट कमी, थर्मोस्टॅट अर्धवट अडकलेला, पंप किंवा तुंबलेला रेडिएटर. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. थर्मोस्टॅट काढूनच टाका असा सल्ला गर्दीत तापणाऱ्या गाडीला अनेक जण देतात. गर्दीत तो आधीच पूर्ण उघडलेला असतो. उघडंच असलेलं दार काढून काय मिळणार?

फॅनची तपासणी घरी करता येते. गाडी स्टँडवर लावा, चालू ठेवा, मागे उभं राहून काटा बघत बसा. फॅन कितव्या आकड्याला लागला आणि कितव्याला थांबला, लिहून ठेवा. हा आकडा प्रत्येकाला आपल्या गाडीचा पाठ असायला हवा. लागलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच), मग कनेक्टर. इंजिन थंड असताना, किल्ली काढून, पातं बोटाने फिरवून बघा, अडखळतंय का. फॅनला सरळ १२ व्होल्ट देऊन बघा. त्यावर फिरला तर मोटर जिवंत आहे, बिघाड पुढे सेन्सरकडे किंवा वायरिंगमध्ये. आणि रेडिएटरच्या जाळीत चिखल, किडे, वाकलेल्या पट्ट्या असतील तर फॅन बिचारा भिंतीतून हवा ओढतोय. धुताना प्रेशरचा पाइप जवळून मारू नका. त्या पट्ट्या कागदासारख्या असतात, आडव्या होतात.

कूलंटबद्दल थोडक्यात. अॅल्युमिनियम इंजिनाला चालणारा घ्या, पाणी मिसळायचं तर डिस्टिल्ड, दोनेक वर्षांनी बदला, भरल्यावर हवा पूर्ण बाहेर काढा. बाजूची कूलंटची बाटली भरलेली दिसते म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं नाही. कॅपचं रबर गेलं तर बाटलीतला कूलंट परत ओढला जात नाही. म्हणून थंड गाडीत कॅप उघडून डोळ्यांनी पातळी बघा. थंड गाडीत, हे मी दोनदा सांगतोय. गरम असताना कॅप फिरवली तर तोंडावर येतं ते सव्वाशे अंशांच्या जवळचं असतं.

आता दुसरी तक्रार, बंद पडण्याची. इथे मी माझीच फजिती सांगतो.

माझी चार सिलिंडरची ६०० सीसी गाडी. गर्दीत पंधरा-वीस मिनिटं झाली की सिग्नलला आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरची इंजिनाची संथ चाल, डुलायला लागायचं, हजारवर, नऊशेवर, आणि मग फुस्स. सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्-टक्. ढकलत बाजूला. मी जिथे दाखवली तिथे ठाम सांगण्यात आलं, "ओव्हरहीट." कूलंट बदलला, थर्मोस्टॅट बदलला, प्लग बदलले. मीही मान डोलावली. मी तरी काय वेगळं समजत होतो! पुढच्याच आठवड्यात गाडी परत त्याच सिग्नलला आडवी.

तेव्हा काट्याकडे नीट बघितलं. १०३. गाडी तापलीच नव्हती! मग एका संध्याकाळी लक्षात आलं की फॅन लागला की हेडलाइटचा उजेड किंचित बसतो, आणि बंद पडण्याआधी नेहमी फॅन सुरू झालेला असतो. घरी येऊन बॅटरीवर मल्टीमीटर लावला. थंड इंजिन, आयडलला १४.१ व्होल्ट, चोख. गरम करून फॅन लागू दिला, तर १२.२. चार हजार आरपीएमला नेलं तरी १२.६. म्हणजे चार्जिंग होतच नव्हतं, गाडी बॅटरी खाऊन चालत होती. फेअरिंग खोलली. स्टेटरकडून, म्हणजे इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलकडून, तीन पिवळ्या वायरी येतात आणि ती वीज बॅटरीजोगी करणाऱ्या रेग्युलेटरच्या कनेक्टरमध्ये शिरतात. तो पांढरा कनेक्टर एका कोपऱ्यात तपकिरी झाला होता, भाजल्यासारखा. मधली पिन काळी, वायरचं आवरण कडक होऊन बोटात मोडत होतं. नाकाजवळ नेला तर जळलेल्या प्लॅस्टिकचा वास. थंड असताना पिन टेकायची, गरम झाल्यावर सुटायची. फॅन, हेडलाइट, फ्युएल पंप, इंजेक्टर, कॉइल, सगळे एकाच बॅटरीच्या जिवावर. व्होल्टेज इतकं पडलं की इंजिन चालवणार कोण?

कनेक्टर कापून नवा जोडला, पुढे रेग्युलेटरही बदलला. गाडी आजही गर्दीत १०३ दाखवते, आणि चालते. काढून टाकलेला जुना थर्मोस्टॅट चांगला होता, तो मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, स्वतःला आठवण म्हणून.

तर उष्णता काय करते? अर्धमेली झालेली एखादी गोष्ट उघडी पाडते. माझ्याकडे कनेक्टर होता, तुमच्याकडे दुसरं काही असेल. इंजिन फिरतंय हे ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरची कॉइल गरम झाल्यावर तुटते: स्पार्क गायब, अर्ध्या तासाने गाडी शहाण्यासारखी सुरू. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर संशय तिकडे. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या नळीत) काजळी साठली किंवा आयडलचा व्हॉल्व्ह अडकला की गरम इंजिन थ्रॉटल सोडल्यावर सावरत नाही. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) घट्ट झाले असतील तर तापून लांबलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि आयडललाच जीव जातो. टाकीची हवेची नळी तुंबली तर आत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा, 'हिस्स' आवाज आला तर चोर सापडला. आणि एक साधी खूण: न्यूट्रलला गाडी छान चालते, पण पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबताना मरते. ती क्लच पूर्ण सुटत नाही म्हणून. त्याचा रेडिएटरशी काही संबंध नाही.

उलटंही होतं: बिघाड वाटतो, पण नसतो. डुकाटीची पॅनिगाले व्ही फोर गरम असताना आयडलला मागचे दोन सिलिंडर स्वतःहून बंद ठेवते, चालवणाऱ्याला धग कमी लागावी म्हणून. आवाज फाटका येतो, आणि नवा मालक सर्व्हिस सेंटरला फोन लावतो.

रस्त्यात प्रत्यक्ष बंद पडलीच तर? क्लच दाबून, आहे त्या वेगात कडेला. सेल्फ सलग रेटू नका. पाच सेकंद, मग विश्रांती. काटा खरंच वर असेल तर इंजिन बंद, पण फॅनला फिरू द्या. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो फिरतो, काहींत किल्ली चालू आणि किल स्विच बंद ठेवावा लागतो. दोन-तीन मिनिटं पुरे, नाहीतर बॅटरी बसेल. बंद केल्यावर आकडा आणखी चार-पाच अंशांनी चढला तरी दचकू नका; पंप थांबलाय आणि धातूतली उष्णता कूलंटमध्ये उतरतेय. पिण्याच्या बाटलीतलं गार पाणी इंजिनावर ओतायचा मोह होतो. तापलेला धातू एका जागी एकदम आवळला तर तडा जाऊ शकतो. नकोच.

चालवण्यातही एक खोड आहे. या गाड्यांचा पहिला गिअर लांब असतो, म्हणून गर्दीत आपण हाफ क्लचवर सरकत राहतो. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, त्यांच्या घासण्याची उष्णता थेट इंजिन ऑइलमध्ये. पुढची गाडी चार पावलं सरकली की लगेच सरकू नका. जागा होऊ द्या, मग क्लच पूर्ण सोडून एकदम जा. आणि बसच्या मागे नाक लावून उभं राहू नका. तिच्या सायलेन्सरची गरम हवा तुमचा फॅन आत ओढतो. सिग्नलला रेस मारत राहणाऱ्यांचं म्हणणं असतं, "पंप जोरात फिरतो." फिरतो. पेट्रोलही जोरात जळतं.

माझी गाडी खाली उभी आहे, मल्टीमीटर सीटखालीच असतो. दारात भेटलेले ते मित्र कुठे आहेत? या, तुमचीही आणा. दोन्ही चालू ठेवू, फॅन लागेपर्यंत थांबू आणि बॅटरीवर किती व्होल्ट दिसतात ते बघू.