पान काय दखस, वावर दख

श्रोतेहो, राम राम. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवतो. यंदा प्रवेशाच्या वेळी पारोळ्याकडून आलेल्या एका वडिलांनी फॉर्म भरता भरता विचारलं, "सर, आता सगळं एआयच करणार म्हणतात. मग माझ्या पोराने शिकावं तरी काय?" मागे रांग होती, त्यामुळे मला धड उत्तर देता आलं नाही. ते आज ऐकत असतील तर हे बोलणं त्यांच्यासाठी आहे.

भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि अर्ज लिहिणं, भाषांतराचा पहिला खर्डा, साधी जाहिरात, सोपा प्रोग्राम ही कामं मिनिटांत व्हायला लागली. आपली बीए, बीकॉम झालेली पोरं पुण्याला जाऊन ज्या खुर्चीवर पहिली नोकरी धरतात, डेटा एंट्रीची, कॉल सेंटरची, ती खुर्चीच हलू लागली आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालाचा अंदाज असा, की २०३० पर्यंत जगात ९ कोटी २० लाख नोकऱ्या जातील आणि १७ कोटी नव्या तयार होतील. बेरीज आशेची आहे. पण जाणारी नोकरी आपल्या पोराची आणि येणारी दुसऱ्याच गावची, असं होऊ नये म्हणून आत्ताच हातपाय हलवायला हवेत.

आपल्या खान्देशाने असा बदल पाहिलेला आहे. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी सुरू झाली. पुढे तिच्यातूनच विप्रो झाली, संगणकाच्या धंद्यातली. पण तेलापासून संगणकापर्यंत यायला तिला पस्तीसेक वर्षं मिळाली. आपल्या मुलांना एवढा वेळ मिळणार नाही.

मुलांनी नेमकं काय शिकावं, हे मला चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याच्या केळीच्या बागेत कळलं. केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले म्हणून त्याने फोटो काढून फोनमधल्या एआयला विचारलं. उत्तर आलं, अन्नद्रव्याची कमतरता आहे, अमुक फवारा. उत्तर इतकं व्यवस्थित लिहिलेलं, की पोरगा पैसे घेऊन कृषी केंद्राकडे निघालाही होता. आजोबांनी अडवलं. म्हणाले, "पान काय दखस रे, वावर दख." म्हणजे पान काय बघतोस, शेत बघ. वावर पाहिलं तर झाडं सरसकट पिवळी नव्हती. इकडे चार, तिकडे दोन. आठ दिवसांपासून ढगाळ, झिमझिम पाऊस. बांधाला काकडीचे वेल आणि कोवळ्या पानांमागे मावा कीड. तो हरण्या होता, म्हणजे काकडीवरून माव्यामार्फत केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक विषाणू. त्याला फवारून बरं करता येत नाही. रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं, मावा आटोक्यात आणायचा. फवारणीत आठवडा गेला असता तर तेवढ्यात रोग बागभर झाला असता.

यात फोनला दोष देऊन भागणार नाही. हे यंत्र अफाट मजकूर वाचून, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे मांडत जातं. त्याला एक पान दाखवलं, त्याने एका पानापुरतं उत्तर दिलं. ढग, काकडीचा वेल, शेजारचं झाड हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं असतं हे कळण्यासाठी आधी वावर कळावं लागतं. वर्गात मी हे दहा वेळा सांगितलं असतं तरी पोरांच्या ध्यानात राहिलं नसतं, बागेत एकदा राहिलं.

म्हणून त्या वडिलांना मी सांगेन, पोराला एका तरी कामात पुरतं मुरू द्या. वायरिंग असो, ठिबक असो, डाळ मिलमधलं यंत्र असो. आणि मराठी नीट लिहायला, अंदाजाने हिशेब ताडायला शिकू द्या. ज्याला पाइपाची लांबी डोळ्यांनी कळते, त्याला यंत्राचा चुकलेला आकडा खटकतो. दोन महिन्यांत एआय तज्ज्ञ करतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी तिथे शिकून गेलेल्या दोन मुलांना भेटा. माझ्या एका विद्यार्थ्याने तसे पैसे घालवले. वडिलांनी त्यासाठी म्हैस विकली होती, ते मला अजून सलतं.

अजून एक. घरातला चांगला फोन बहुतेक ठिकाणी मुलाच्या हातात असतो. मुलीला संध्याकाळी तासभर तरी तो द्या, आणि तिच्यामागे उभं राहून पाहू नका.

आपली भाषा हेही भांडवल आहे. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी म्हणून मोजलेल्या बोलींचे भाषक साडेअठरा लाखांवर आहेत, पण अहिराणीत बोललं की फोन अजून अडखळतो. केंद्र सरकारचं भाषिणी हे यंत्राकडून भाषांतर करून घेण्याचं काम भारतीय भाषांसाठीच सुरू झालं आहे. अशा कामांना बोली ध्वनिमुद्रित करणारी, तपासून लिहिणारी माणसं लागतात. नंदुरबारची, पावरा आदिवासींची पावरी बोलणारी मुलगी हे काम जितकं अचूक करील, तितकं बंगळुरूचा इंजिनिअर करू शकणार नाही.

चोपड्याचा तो मुलगा आता एक वही ठेवतो. प्रश्न, फोनचं उत्तर, प्रत्यक्षात काय निघालं. गेल्या आठवड्यात विहिरीवरची मोटर नुसती घूं करत होती, फिरत नव्हती. आजोबा म्हणाले, जळाली, रिवाइंडिंगला टाका. फोन म्हणाला, आधी तिन्ही फेज येतात का पाहा. पोराने मोटर लगेच बंद केली, टेस्ट लॅम्प लावून पाहिलं, तर एका किटकॅट फ्यूजमधली तार वितळलेली. त्याने वहीत लिहिलं, फोन बरोबर. आजोबांना वाचता येत नाही. त्यांनी ते पान नातवाकडून दोनदा वाचून घेतलं.