एकाच खुराड्यात लहान-मोठ्या कोंबड्या? आधी कोंबडा बघा!

नमस्कार मंडळी! एक प्रश्न सारखा येतोय. "ताई, आमच्याकडे वनराज, गिरिराज या मोठ्या जातींच्या कोंबड्या आहेत. जागा बेताची आहे. आता जोडीला लहान जातीच्या चार-पाच कोंबड्या आणायच्यात. कुठल्या आणू?"

जातींकडे येतेच. पण त्याआधी मला सांगा, तुमचा कोंबडा किती किलोचा आहे?

हसू नका, खरंच विचारतेय. वनराजचा कोंबडा पूर्ण वाढला की तीन किलोच्या पुढे जातो. आपली गावरान कोंबडी एक-सव्वा किलोची. तो पाठीवर चढला की चोचीने तिची मान धरतो आणि पायांनी पाठीवर तोल सांभाळतो. रोज हे चाललं की आधी पाठीवरची पिसं जातात. ते निदान दिसतं तरी. न दिसणारं कुठे असतं, ते दाखवते.

(कोंबडी काखेत धरून, पंख हळूच उचलून)

ही जागा बघा. पंखाखाली, बरगडीच्या बाजूला. कोंबड्याच्या नखाची चीर पडते ती इथे, आणि वरून पिसं झाकून टाकतात. कोंबडी खात असते, फिरत असते, कुणाला पत्ता लागत नाही. पावसाळ्यात त्यावर माश्या बसल्या की दोन दिवसांत आळ्या. म्हणून मोठा कोंबडा आणि लहान कोंबड्या एकत्र असतील, तर आठवड्यातून एकदा प्रत्येकीचा पंख उचलून बघायचाच.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे कोंबडाच हलका ठेवा. गावरान कोंबडा वनराज कोंबड्यांमध्ये आरामात नांदतो. फार तर काही अंडी फलित होणार नाहीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. आणि तुम्हाला फक्त अंडी खायची असतील, तर कोंबडा ठेवूच नका. कोंबड्याशिवाय अंडी मिळतात, पिल्लं मिळत नाहीत, एवढंच. शेजारीही पहाटे शिव्या घालणार नाहीत.

आता जाती. माझी पहिली पसंती गावरानच. वर्षाला साठ-सत्तर अंडी, तीही लहान, चाळीस ग्रॅमच्या आसपास. मग कशाला ठेवायची? कारण ती खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जातींमधला हा गुण जवळजवळ गेलाय. त्या अंडं घालतात आणि निघून जातात. गावरान कोंबडी एकवीस दिवस ठाण मांडून बसते. तिच्याखाली दुसरीची अंडीही ठेवता येतात. पण स्वतःची दहा-बारा झाकते म्हणून वनराजची मोठी अंडी तेवढीच ठेवू नका. सात-आठच ठेवा, नाहीतर कडेची गार पडतात. एक मात्र लक्षात घ्या, सुधारित जातीच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईइतकी अंडी देत नाही. ती पिल्लं घरच्यापुरती ठीक.

कडकनाथबद्दल सगळेच विचारतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी जात, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. कोंबडी सव्वा ते दीड किलो, अंडी वर्षाला ऐंशी ते शंभर. अंडी काळी नसतात हं! फिकट तपकिरी असतात. मोबाईलवर फिरणारे काळ्या अंड्यांचे फोटो विसरा. पक्षी चपळ आहे, वजनाला गावरानजवळ आहे, म्हणून कळपात बसतो. पण भिंतीवरून शेजाऱ्याच्या आवारात जायला त्याला वेळ लागत नाही.

अंडीच हवी असतील तर ग्रामप्रिया. वनराजपेक्षा हलकी, आणि खाणं नीट मिळालं तर परसातसुद्धा वर्षाला दीडशेच्या वर अंडी. असील मात्र मिश्र कळपात नको. तो भांडायला जन्मलेला पक्षी आहे आणि वजनानेही भारी.

शोभेच्या, अगदी लहान चणीच्या बँटम कोंबड्या हौसेने आणत असाल तर आणा, पण अंडं अगदीच छोटं. त्यांच्यातली ती आखूड पायांची जपानी बँटम फार गोड दिसते. तिची पैदास करायची असेल तर दोन्ही आखूड पायांचे जोडू नका. तो गुण आईबाप दोघांकडून आला की पिल्लू अंड्यातच मरतं. साधारण चारातलं एक जातं. एक आखूड, एक लांब पायांचा, अशी जोडी लावा.

खाण्याचं बघूया. एकच भांडं ठेवलं तर मोठ्या आधी पोट भरतात आणि लहान्या कडेला उभ्या. वनराजला जास्त मिळालं की ती चरबी धरते आणि अंडी कमी करते, म्हणजे नुकसान दोघींचं. मी बांबूच्या कामट्यांचा पिंजरा उपडा घातलाय. लहानी आत शिरेल, मोठीची छाती अडकेल, एवढी फट. आत लहान्यांचं भांडं. बसायच्या काठ्याही दोन उंचीवर लावा. हलक्या वर जातात, जड खाली राहतात. जड कोंबडी उंचावरून उडी मारते तेव्हा तळपाय दुखावतो.

नवीन कोंबड्या आणल्या की थेट सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा, निदान रोग तरी कळतो. मग जाळीआडून एकमेकींना दिसू द्या, आणि शेवटी रात्री, झोपलेल्या असताना, खुराड्यात ठेवा. सकाळी थोडी चोचाचोची होणारच. रक्त दिसलं तरच मध्ये पडा.

आणि मानमोडी रोग लहान-मोठी बघत नाही. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लस, आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस, सगळ्यांना सारखंच. कोंबडी लहान म्हणून डोस अर्धा करायचा नाही. लशीची बाटली निदान शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर ठेवून. म्हणून वाडीतले चार-पाच जण एकाच दिवशी लस करून घ्या, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

शेवटचं. पिल्लं आणणार असाल, तर त्यातले निम्मे कोंबडे निघणार. त्यांचं काय करायचं ते आणायच्या आधी घरात ठरवून टाका. आमच्याकडे तो विषय दरवर्षी आखाडात निकाली निघतो.