गोळ्यांनी गर्भपात: किट नंतर, आधी कॅलेंडर काढा

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय, की आज दुसरा विषय नाहीच. "पाळी चुकून आठवडा झाला. म्हणजे एकच आठवड्याची आहे ना? गोळ्या चालतील ना?"

गोळ्या चालतील की नाही ते तपासणीनंतर. पण आठवडा एक नाही झालेला, पाच झालेत. त्यावर येतेच.

आधी माहितीतलं उरकते. गर्भपात भारतात १९७१ च्या कायद्याने, अटींसह, कायदेशीर आहे. गोळ्यांनी करायचा तर नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवस. किटमध्ये पाच गोळ्या. एक मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅम; चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. पहिलीने गर्भाचा आधार सुटतो, दीड-दोन दिवसांनी घ्यायच्या चारांनी पिशवी आकुंचन पावून आतलं बाहेर पडतं. डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आणि ७२ तासांवाली गोळी वेगळी! ती दिवस राहू नयेत म्हणून असते. राहिल्यावर तिचा काही उपयोग नाही.

आता दिवस. [कॅलेंडर कॅमेऱ्यासमोर धरून] समजा शेवटची पाळी आली ३ जूनला. आली, संपली नव्हे. संबंध आला १७ जूनला. पुढची पाळी १ जुलैला यायला हवी होती, आली नाही. ८ जुलैला घरी टेस्ट केली, दोन रेघा. ती म्हणते, "एक आठवडा." डॉक्टर ३ जूनपासून मोजतात: ३५ दिवस, पाच आठवडे.

इथे कमेंट ठरलेली: "पण मॅडम, ३ जूनला तर काही झालंच नव्हतं!" खरंय, मोजायची पद्धत विचित्र आहे. पण नऊ आठवड्यांची मर्यादा याच पद्धतीने ठरवलीय. ज्या फुटपट्टीने रेघ मारली, तिनेच मोजायला नको का? ३ जूनपासून ६३ दिवस भरतात ५ ऑगस्टला. पाळी चुकल्या तारखेपासून मोजलंत तर २ सप्टेंबर येईल, आणि तेव्हा खरे भरलेले असतील तेरा आठवडे. तेरा आठवड्यांना घरी किट घेणं म्हणजे भलताच रक्तस्राव आणि पिशवीत अर्धवट अडकलेलं.

दुसरी गडबड "महिने" या शब्दाची. काउंटरवर "किती महिने?" असं विचारलं जातं, उत्तर येतं "दोन". दोन म्हणजे काय? दोन पाळ्या चुकल्या? आपल्या उदाहरणात दुसरी पाळी चुकते २९ जुलैला, त्या दिवशी ५६ दिवस झालेले असतात. हातात उरला एक आठवडा. त्यात "बघू पुढच्या रविवारी" म्हटलं की संपलं. महिने बोलूच नका, तारीख सांगा.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. ३ जूनला जे आलं, ती पाळी होती का नक्की? नेहमी चार दिवस जाते आणि या वेळी दीड दिवस, नुसते डाग, पॅडही भरला नाही, तर शंका घ्या. दिवस राहिल्यावरही असे डाग जातात. मग खरी शेवटची पाळी ६ मेची, आणि ८ जुलैला ३५ नाही, ६३ दिवस झाले. तीच बाई, तीच टेस्ट! पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर कॅलेंडरवर विसंबूच नका. सोनोग्राफी करा.

"सोनोग्राफी पैसे काढायला सांगतात" असं लिहिणाऱ्यांना: कायद्याने ती सक्तीची नाही, बरोबर. पण दिवसांबद्दल शंका असेल, किंवा गर्भ पिशवीऐवजी नळीत (बीजनलिकेत) असण्याची शंका असेल, तर दुसरा इलाज नाही. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. रक्त मात्र जातं, बाईला वाटतं सुटले, आणि नळी फुटते. एका बाजूला जोराचं दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर: वाट न बघता हॉस्पिटल. पाचव्या आठवड्यात कधीकधी सोनोग्राफीत काही दिसतच नाही. डॉक्टर आठवड्याने परत बोलावतात ते त्यासाठी.

गोळ्यांआधी हिमोग्लोबिन आणि रक्तगट बघतात. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी गोळ्या नकोत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा. तांबी असताना दिवस गेले असतील तर ती आधी काढावी लागते. रक्त पातळ करणारी औषधं किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल तर लपवू नका.

घेतल्यावर काय? पहिलीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर डॉक्टरांना फोन. थोडं रक्त गेलं तरी उरलेल्या चार घ्यायच्याच. जिभेखाली सांगितल्या असतील तर अर्धा तास तिथेच ठेवायच्या, उरलेलं पाण्याने गिळायचं. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉलने भागत नाही. त्या दिवशी थंडी वाजणं, ताप, जुलाब होतात. ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही तर दाखवा. पाळीपेक्षा जास्त जाणार, गाठीही पडणार. पण तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, आणि असं सलग दोन तास, तर रिक्षा बोलवा.

पहिल्या गोळीपासून पंधराव्या दिवशी तपासणी. "रक्त गेलं, आता कशाला जायचं?" कारण शंभरात दोन-पाच जणींचा गर्भपात अर्धवट राहतो किंवा गर्भ वाढतच राहतो. मिसोप्रोस्टॉलने वाढत्या गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून तेव्हा पिशवी मशीनने रिकामी करायचा सल्ला देतात. घरची टेस्ट तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तिच्यावर निकाल लावू नका.

नवऱ्याच्या सहीचं पुन्हा विचारलंय. अठरा वर्षं पूर्ण असतील तर सही फक्त तुमची. लग्न झालंय की नाही, त्यानेही फरक पडत नाही. कोणी नवऱ्याला घेऊन या म्हणालं, तर कायद्यात हे कुठे आहे ते विचारा, नाहीये. तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

आणि ज्या ताईंनी "आता पाळी येईपर्यंत काळजी नाही ना?" असं लिहिलंय: आहे. दुसऱ्याच आठवड्यात बीज सुटू शकतं, म्हणजे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात. गर्भनिरोधक गोळी त्या चार गोळ्यांच्या दिवशीच सुरू करता येते, तांबी मात्र पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावर.