रुवी: मस्कतच्या पाठीमागची सपाट जागा

(दृश्य: उंचावरून रुवी. चहूबाजूंनी काळपट-तपकिरी डोंगर, मधोमध इमारतींची दाटी.)

ओमानची राजधानी मस्कत, तिची चित्रं पाहिलीत तर त्यात समुद्र असतो, पोर्तुगीज काळातले जलाली आणि मिरानी हे किल्ले असतात, शेजारच्या मत्राह बंदराचा धक्का असतो. रुवी सहसा नसते. समुद्र डोंगराआड गेला की मत्राहपासून अगदी थोड्या अंतरावर रुवीचं खोरं लागतं.

हे डोंगर साधे नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाखाली असलेला खडक इथे जमिनीवर चढून बसला आहे. त्यावर माती जवळजवळ नाही, झाड तर नाहीच. दिवसभर तापलेला हा दगड रात्री उष्णता सोडत राहतो. जूनमध्ये रुवीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जुनं मस्कत आणि मत्राह, दोन्ही बंदरं खडकांच्या कुशीत. गलबतांना आसरा उत्तम, पण घर बांधायला जागा कुठे? मागच्या बाजूला सपाट जमीन म्हणावी अशी ही एवढीच. त्यामुळे ज्याला पसरायला जागा हवी होती, तो रुवीत आला. सगळ्यांत आधी आलं सैन्य.

(दृश्य: बैत अल फलाज. पांढऱ्या भिंती, गोल बुरूज.)

हा बैत अल फलाज. सय्यद सईद बिन सुलतान यांच्या कारकिर्दीत, 1845 च्या सुमारास बांधलेला. फलाज म्हणजे ओमानी पाट; डोंगरातलं किंवा जमिनीखालचं पाणी केवळ उताराच्या जोरावर वाहत आणायचं. असा एक पाट इथे होता, म्हणून हे नाव.

जानेवारी 1915. ओमानच्या अंतर्भागातल्या टोळ्या इमाम सालिम बिन राशिद अल खरूसी यांच्या बाजूने सुलतानाविरुद्ध उठल्या होत्या. मस्कतकडे जायचं तर हे खोरं ओलांडायला हवं. ते अडवून उभे होते इंग्रजांनी पाठवलेले हिंदी सैनिक. हल्ला परतवला गेला आणि मस्कत वाचलं.

त्या सैन्यात 102 वी ग्रेनेडियर्स ही पलटण होती. मुंबई इलाख्याच्या फौजेतली ही जुनी पलटण 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव भीमाला लढलेली. मात्र रुवीत लढलेल्या तुकडीला कोरेगावचे वारस समजायची घाई करू नये. मधल्या काळात, 1890 च्या दशकात, इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली होती.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. मोकळं मैदान, उभं विमान.)

सैन्यामागोमाग विमानं आली. बैत अल फलाजची धावपट्टी याच खोऱ्यात होती. डोंगरांच्या मधून वळण घेत विमान खाली आणायचं. वैमानिकाचा कस लागे. त्या काळी ओमानमध्ये रुपये चालत. आधी आपलेच, आणि 1959 पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेले. 1970 पर्यंत हा व्यवहार टिकला.

23 जुलै 1970 ला सुलतान काबूस यांनी वडिलांना हटवून सत्ता घेतली. तेव्हा सगळ्या देशात मिळून डांबरी रस्ता जेमतेम 10 किलोमीटर होता. तेल निघत होतं, 1967 पासून परदेशी जातही होतं. पण पैसा खर्च करायची जुन्या सुलतानांची तयारी नव्हती. आता तो खर्च होऊ लागला. 1973 मध्ये सीबला नवा विमानतळ सुरू झाला आणि रुवीतलं मैदान मोकळं झालं. तिथे उभा राहिला देशाचा व्यापारी विभाग: मध्यवर्ती बँक, मग बाकीच्या बँका, विमा कंपन्या, प्रवासी कचेऱ्या.

त्यांच्यासोबत आपली माणसं आली. कारकून, हिशेबनीस, परिचारिका, शिंपी, सोनार. केरळचे सर्वाधिक दिसतात, गुजराती व्यापारी तर मस्कतला पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठी आणि गोव्याची मंडळीही यात आहेत. 1977 पासून रुवीत कॅथलिक चर्च आहे, सुलतानांनी दिलेल्या जमिनीवर. जवळच दारसैतला कृष्णमंदिर.

(दृश्य: रुवी हाय स्ट्रीट, संध्याकाळ. सोन्याची दुकानं, साड्या, मोबाइलच्या पाट्या.)

मस्कत आता पश्चिमेला, किनाऱ्याच्या सपाटीवर मैलोगणती पसरलं आहे. मंत्रालयं अल खुवैरला, मॉल त्याच्याही पलीकडे. चकचकीत कचेऱ्या एकेक करून तिकडे निघाल्या. रुवी म्हातारी झाली, असं तिकडचे लोक म्हणतात. म्हणोत. गाडी नसलेल्या माणसाला ते नवं मस्कत पायी फिरता येत नाही. इथे पैसे घरी पाठवणं, चष्मा बदलणं, कढीपत्ता विकत घेणं आणि सलालाची बस पकडणं, चारही कामं एका संध्याकाळी चालत उरकतात.