पहिली दहा मिनिटं

[दृश्य: आपत्कालीन विभागाचं दार. व्हीलचेअर आत येते.]

वेळ इथून मोजायची. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेला रुग्ण दारातून आत आला की दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, निघून डॉक्टरांच्या नजरेखालून गेला पाहिजे. नोंदणी, जुन्या फायली, नातेवाइकांचे प्रश्न हे दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं.

[दृश्य: खाटेवर आजी. शेजारी सिस्टर.]

"छातीत दुखतंय का?" आजी मान हलवतात. नाही. त्यात खोटं काही नाही, कारण त्यांना दुखत नाहीच, नुसतं जड वाटतंय. म्हणून सिस्टर प्रश्न बदलतात. "छातीत काय होतंय, तुमच्या शब्दांत सांगा." आता उत्तर येतं: कुणीतरी आवळून धरल्यासारखं. केसपेपरवर हेच शब्द जसेच्या तसे उतरतात. 'ॲसिडिटी असेल' हा अंदाज तिथे लिहायचा नसतो.

मग पुढचं. किती वाजता सुरू झालं? 'सकाळी' हे उत्तर पुरत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे बरंचसं या वेळेवर ठरतं. तेव्हा काय करत होता? कळ हातात, जबड्यात, पाठीत जाते का? शून्य ते दहामध्ये किती? घाम, मळमळ, धाप? मधुमेही, वयस्कर आणि बायकांमध्ये छातीची तक्रार अजिबात नसते असंही होतं. फक्त दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं वाटतं.

हे सगळं विचारताना हात थांबलेले नाहीत. ईसीजीचे इलेक्ट्रोड लावणं सुरू आहे. छातीवर सहा लागतात, व्ही-१ ते व्ही-६.

[दृश्य: क्लोज-अप. छातीवर सिस्टरची बोटं.]

बोट गळ्याच्या खळगीतून खाली येतं. छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून असते ती दुसरी बरगडी, आणि तिच्या खालची फट दुसरी. तिथून मोजायचं: तिसरी, चौथी. चौथ्या फटीत हाडाच्या उजव्या कडेला व्ही-१, डाव्या कडेला व्ही-२. आता व्ही-३ नाही, आधी व्ही-४: पाचवी फट, हंसळीच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही-३ या दोघांच्या मध्ये बसतो, म्हणून त्याचा नंबर नंतर. व्ही-५ आणि व्ही-६ व्ही-४च्याच आडव्या पातळीत, एक काखेच्या पुढच्या कडेखाली, दुसरा काखेच्या मध्यरेषेवर. बरगडीच्या वळणाने वर चढत जायचं नाही.

फटी न मोजता नजरेच्या अंदाजाने लावले की व्ही-१ आणि व्ही-२ हमखास वर जातात. मग कागदावर असा आलेख उमटतो की जुना झटका येऊन गेलाय असं वाटावं. दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या तर लीड एक (आलेखातली पहिली रेघ) पूर्ण उलटी येते. ते दिसलं की रुग्णाकडे नाही, आधी वायरींकडे पाहायचं. आणि घाम? तो गॉझने टिपून घ्यायचा, नाहीतर रेघ वरखाली पोहत राहते.

[दृश्य: मशीनमधून कागद बाहेर येतो.]

कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, उंची एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर. कागदावर नाव, वेळ आणि त्या क्षणीची तक्रार: 'जड, ७/१०'. पहिला ईसीजी स्वच्छ निघाला तरी तक्रार कायम असेल, तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायचा. झटक्याचे बदल लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या रेघांमध्ये असतील तर छातीच्या उजव्या बाजूचाही काढायचा. हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडला असेल तर रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या, जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने बीपी धाडकन खाली येतं.

शेजारच्या खाटेवर पुरुष रुग्ण आहे. सिस्टरांनी नातेवाइकांना बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणला. लैंगिक ताकदीची गोळी घेतली होती का, हा प्रश्न चारचौघांत विचारला तर खरं उत्तर मिळत नाही. अशा गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं.

[दृश्य: भिंतीवर टांगलेला ऑक्सिजन मास्क.]

हा मास्क विसरलेला नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण (सॅच्युरेशन) ९० टक्क्यांच्या खाली नसेल तर त्याची गरज नसते. ॲस्पिरिन मात्र लगेच: १६२ ते ३२५ मिलिग्रॅम, साधी गोळी, चावून. त्याआधी ॲलर्जी आणि रक्तस्राव यांची चौकशी. कॅन्युला, म्हणजे शिरेत औषध द्यायची नळी, शक्यतो डाव्या हाताला, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासणाऱ्या अँजिओग्राफीसाठी बहुधा उजवं मनगट लागतं.

अँजिओग्राफी होते त्या कॅथलॅबचं दार बंद होतं. कॅमेरा बाहेरच. उशिरात हृदयाचा जो स्नायू मरतो, तो परत येत नाही.

[दृश्य: वॉर्ड. दुसरा दिवस. आजी बसलेल्या.]

शिकवणं आजच सुरू झालंय. घरी सोडताना, हातात बिल आणि पिशव्या असताना सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

नायट्रेटच्या गोळ्यांची बाटली गडद काचेची, मूळचीच. गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत काढल्या की त्यांचा जोर जातो. छातीत जड वाटलं की बसायचं, कारण उभ्याने गोळी घेतली तर चक्कर येऊन पडाल. एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही. पाच मिनिटांत उतार नाही किंवा त्रास वाढला, तर रुग्णवाहिका. स्वतः गाडी चालवत निघायचं नाही.

स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात. 'आता बरं वाटतंय' म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून त्या स्वतःहून थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. गुडघेदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घ्यायचं नाही.

'कळलं का' असं सिस्टर विचारत नाहीत. त्याला सगळेच हो म्हणतात. "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. आजी, घरच्यांना काय सांगाल?"

आजी बोटं मोजतात. गोळी जिभेखाली. गिळायची नाही. पाच मिनिटं. मग गाडी बोलवायची.

बसायचं राहिलं. सिस्टर बाटली पुन्हा त्यांच्या हातात देतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.