कमाटी बाग आणि विश्वामित्री

(दृश्य : काळा घोडा चौक, सकाळची वर्दळ. कॅमेरा पुतळ्यावरून पुलाकडे वळतो.)

पावसाळ्यात बडोद्यात जो तो एकच आकडा विचारतो : काळा घोडा पुलापाशी पाणी किती फुटांवर? धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. पुलाला लागूनच सयाजी बाग, म्हणजे आपली कमाटी बाग. शंभर एकरांहून मोठी, नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली. नदी पात्राबाहेर पडली की बागेत शिरायला तिला वेळ लागत नाही.

बाग १८७९ची. श्रेय सरसकट सयाजीराव महाराजांना दिलं जातं, आणि पुढे तिच्यात भर घातली ती त्यांनीच. पण तारखा लावून पाहा. महाराजांचा जन्म १८६३चा, म्हणजे तेव्हा वय १६. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून येऊन दत्तक गेल्याला चार वर्षं झालेली. राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले डिसेंबर १८८१मध्ये. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. तंजावरच्या मराठी घराण्यातले. बागेचा इतिहास सांगताना त्यांचंही नाव घ्यायला हवं.

(दृश्य : फतेसिंह संग्रहालयातलं छोटं इंजिन, मग बागेतले रूळ, जवळून.)

मुलांचा पहिला हट्ट आगगाडीचा. जुनी गाडी राजघराण्यातल्या मुलांची. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात धावायची. १९५६मध्ये ती या बागेत आली. तिचं इंजिन आता राजवाड्याच्या आवारातल्या फतेसिंह संग्रहालयात पाहता येतं. बागेत पुढे नवी, मोठी गाडी आली आणि तिच्यासाठी वेगळा मार्ग टाकला गेला.

जुन्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त १० इंच. गायकवाडांच्या डभोई–मियागाम मार्गावर १८६२मध्ये बैलांनी डबे ओढले, तो रूळमार्गसुद्धा अडीच फुटी होता. रूळ जितके जवळ, तितकी चूक महाग. एका बाजूचा रूळ १० मिलिमीटर खचला, तर ब्रॉडगेजवर डबा जेमतेम एक तृतीयांश अंशाने कलतो, १० इंचांवर सव्वादोन अंशांनी. त्यात एखादं मोठं माणूस बाहेर वाकून फोटो काढत असेल, तर वळणावर सगळा भार एकाच चाकाच्या कडेवर येतो. म्हणून बाहेर वाकू नका ही सूचना शिस्तीपुरती नसते.

पूर आला की खडीत गाळ बसतो. मग पाणी निचरत नाही, स्लीपरखालची (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांखालची) जमीन मऊ राहते आणि रूळ जागोजागी खचतो. गाळ ओला असतानाच काढलेला बरा. वाळला की पहारीने फोडावा लागतो. त्यानंतर खडी पुन्हा ठोकून बसवायची, रुळांमधलं अंतर आणि पातळी ठिकठिकाणी मोजायची, आणि रिकामी गाडी फिरवून मगच माणसं बसवायची. पाणी ओसरलं तरी गाडी लगेच सुरू होत नाही, ती यामुळे.

(दृश्य : फुलांचं घड्याळ, वरून.)

फुलांच्या घड्याळाची तबकडी २० फुटांची. काट्यांचं वजन सुमारे ४० किलो, यंत्र जमिनीखाली. अशा घड्याळाला यंत्रापेक्षा कात्री जास्त लागते. रोपं काट्यांच्या वर आली की काटा अडतो आणि भार खालच्या दातेरी चाकांवर जातो. म्हणून पसरणारी, छाटणी सोसणारी बुटकी झाडंच लावायची. झाडांना पाणी तर रोज हवं, पण ते खालच्या खोलीत झिरपता कामा नये. सगळी कसरत इथेच.

(दृश्य : पुलावरून नदी. काठावर ऊन खात पडलेली मगर.)

विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत, भर शहरात. पाहायच्या तर थंडीत, ऊन वर आल्यावर : मगरीचं रक्त थंड, अंग तापवायला ती काठावर येते. पुलावरूनच पाहा, काठावर उतरू नका. मार्च ते जूनच्या दरम्यान मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि घरट्याची राखण करते, तेव्हा तर मुळीच नाही. पुरात मगरी वस्त्यांत दिसतात त्या शिकारीसाठी नव्हे. पात्रातला लोंढा टाळून त्या संथ पाणी शोधतात.

प्राणिसंग्रहालयही दोन्ही काठांवर विभागलेलं आहे. गुरुवारी ते बंद असतं. बाहेरगावचे पाहुणे नेमके त्याच दिवशी येऊन थडकतात.

(दृश्य : बडोदा संग्रहालय. देवमाशाचा सांगाडा.)

संग्रहालयाची इमारत वास्तुकार चिझम यांची, १८९४ची. शेजारचं चित्रदालन १९१४मध्ये बांधून झालं, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रं येईनात. उघडलं ते १९२१मध्ये. गर्दी होते ती निळ्या देवमाशापाशी. १९४४मध्ये मही नदीच्या मुखाशी डबका गावाजवळ वाहून आलेला, लांबी सुमारे २२ मीटर. ममीही आहे. वेळ कमी असेल तर मात्र ममी राहू द्या आणि बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या धातुमूर्ती पाहा. जैन मूर्तींचा हा साठा अकोट्यालाच मिळाला, याच नदीच्या काठी, आणि त्या तोडीचं काम फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं.

सकाळी आधी पूल आणि प्राणी, ऊन चढलं की संग्रहालय, उतरत्या उन्हात गाडी, सुरू असेल तर. सेव उसळ बाहेर पडल्यावर.