बुरशीचं बळ कशात मोजायचं?

मंडळी, एका बुरशीच्या रोगातून चेस्टनटची झाडं युरोपात सावरली, मग अमेरिकेत का नाही, असा विषय पत्रिकेवर छापला आहे. त्यावर मी बोलणार आहेच. पण त्याआधी एका शब्दाचा हिशेब चुकता करायचा आहे. तो शब्द म्हणजे फिटनेस.

काही वर्षांपूर्वी याच बुरशीवर मी एक लेख लिहिला होता. एकाच जातीच्या बुरशीच्या निरनिराळ्या वाणांत फिटनेस कसा कमीजास्त असतो, हा त्याचा गाभा. मी विचारपूर्वक ‘जीवनक्षमता’ हा शब्द योजला होता. छापून आला तेव्हा त्याची जागोजागी ‘ताकद’ झाली होती आणि वर ठळक मथळा होता, ‘बळी तो कान पिळी’. मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “सर, वाचकांना चटकन कळायला हवं ना!” चटकन कळलं, पण उलटं कळलं. पुढे एका शिक्षिकेचं पत्र आलं. फार आस्थेनं लिहिलं होतं त्यांनी. ‘जी बुरशी झाड लवकर मारते तीच टिकते, असं मी वर्गात शिकवलं. बरोबर ना?’ त्यांना चार पानी उत्तर लिहिलं, पण त्या वर्गातली मुलं तोवर पुढच्या इयत्तेत गेली होती. याचा सल मला अजून आहे. एक शब्द बदलला आणि सगळा विषयच आडवा झाला.

जीवशास्त्रात फिटनेस म्हणजे एवढंच, की तुमची किती संतती पुढच्या पिढीत पोचली. मारण्याची ताकद त्यात उपयोगी पडेलही, नाहीतर आड येईल.

आता झाडाकडे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात हर्मन मर्केल या वनपालाला चेस्टनटची झाडं वाळताना दिसली. बुरशी पूर्व आशियातून आली होती. तिथली चेस्टनट झाडं तिला बऱ्यापैकी तोंड देतात, अमेरिकन चेस्टनटला ते जमलं नाही. सालीवरच्या बारीकशा जखमेतून ती आत शिरते, सालीखालचा वाढीचा थर मारत जाते, आणि व्रण खोडाभोवती पुरा फिरला की वरचं झाड संपतं. मुळं मात्र जिवंत राहतात, कारण मातीतले सूक्ष्मजीव बुरशीला तिथे फावू देत नाहीत. मग बुंध्यातून धुमारे फुटतात, मनगटाएवढे होतात आणि पुन्हा मरतात. पन्नासेक वर्षांत तीनचारशे कोटी झाडं गेली, असा अंदाज आहे. १९३८ मध्ये तीच बुरशी इटलीत जेनोव्हाजवळ सापडली आणि युरोपानंही आशा सोडली.

पण १९५० च्या सुमारास इटलीतच अंतोनिओ बिराघी या संशोधकांना काही खोडांवरचे व्रण आपोआप भरून येताना दिसले. पुढे फ्रान्समध्ये झाँ ग्रांत यांनी अशा व्रणांतली बुरशी वेगळी करून वाढवली. पडद्यावर बघा. डावीकडची वसाहत गर्द नारिंगी, बीजाणूंच्या पुटकुळ्यांनी भरलेली. उजवीकडची फिकट, पांढरी, पुटकुळ्या तुरळक. यातली आजारी कोणती? हात वर करा. बरोबर, पांढरी. तिला विषाणूची लागण झाली आहे. बुरशीलाही आजार होतो, मंडळी! आता हे दुसरं चित्र. दोन्ही वसाहती एकमेकींना भिडल्या, तंतू तंतूंत मिसळले, आणि नारिंगी वसाहत भिडल्या कडेपासून पंख्यासारखी पांढरी पडत गेली. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ जागचा हललो नव्हतो. झाडाचा शत्रू शेजाऱ्याच्या आजारानं मवाळ होतो, आणि झाडाला व्रण भरायला सवड मिळते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. तर मुख्य मुद्दा झपाट्यानं.

हा विषाणू बुरशीबाहेर जगत नाही. तो तंतूंच्या मिलाफातून किंवा अलैंगिक बीजाणूंतून पसरतो. लैंगिक बीजाणूंत तो उतरत नाही, म्हणजे ती संतती कोरी निघते. शिवाय बुरशी आपपर ओळखते. त्यासाठी जनुकांच्या सहा जागा आहेत, प्रत्येकीचे दोन पर्याय, म्हणजे ६४ गट. गट जुळला नाही तर भिडलेल्या पेशी मरतात आणि विषाणू सहसा पलीकडे जाऊ शकत नाही. युरोपात बहुतेक ठिकाणी मोजक्याच गटांचं प्राबल्य आहे, म्हणून विषाणू पसरला. पूर्व अमेरिकेत शेजारीशेजारी कितीतरी गट नांदतात. १९७२ पासून कनेक्टिकटमध्ये फ्रान्सहून आणलेले लागण झालेले वाण वापरून पाहिले. टोचलेले व्रण भरले, पण विषाणू आपणहून जंगलभर गेला नाही. युरोपातलं चेस्टनट मुळात थोडं काटक आहे, हेही धरलं पाहिजे.

आणि विषाणूचा स्वतःचा फिटनेस? एक फ्रेंच वाण इतका जहाल, की बुरशीला जेमतेम बीजाणू धरू देतो. मग त्याला वाहून नेणार कोण? इटलीतला एक वाण सौम्य, बुरशीला बऱ्यापैकी बीजाणू करू देतो, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही दूर जातो. बुरशीची गोष्ट आणखी वेगळी. झाड मेल्यावर मेलेल्या सालीवरही ती बीजाणू करत राहते, त्यामुळे झाड मारण्याची फारशी किंमत तिला मोजावी लागत नाही.

शेवटचं चित्र. दोन वसाहतींच्या मधली ही काळपट रेघ दिसते? गट जुळले नाहीत, म्हणून सीमेवरच्या पेशी मेल्या. आणि त्या मेल्या म्हणूनच पलीकडची वसाहत अजून नारिंगी आहे.